गॅसची भट्टी आणि तिचा संशयी पहारेकरी



आपल्या शाळेतून शिकून अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेल्या मुलामुलींची संख्या आता बरीच आहे. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहून येणारे आजी-आजोबाही इंदुरात घरोघरी भेटतात. परत आल्यावर ते बर्फाचे फोटो दाखवतात, तिथल्या रस्त्यांचे आणि दुकानांचे कौतुक करतात. त्या घराच्या तळघरात एक लोखंडी पेटी रात्रंदिवस चालू-बंद होत असते आणि तिच्यामुळेच घरातली माणसे हिवाळा काढू शकतात, हे मात्र कोणी सांगत नाही. मीही सांगितले नसते, पण दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी मुलीकडे मिनियापोलिसला असताना ती पेटी एका रात्री बंद पडली.

बाहेर उणे २४ अंश सेल्सिअस तापमान होते. रात्री दोनच्या सुमारास नाकाचा शेंडा गार पडल्याने मला जाग आली. दिवाणखान्यातल्या थर्मोस्टॅटवर ६८ अंश फॅरनहाइट लावलेले होते, पण आकडा दिसत होता ५७, म्हणजे आपले सुमारे १४ सेल्सिअस. जावईबापू आणि मी तळघरात उतरलो. कपाटाएवढ्या पेटीला एक छोटी काच होती आणि काचेमागे एक बारीक लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. झाकणाच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला होता: दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे कोणता दोष. त्या तक्त्याप्रमाणे अर्थ निघाला, ‘ज्योत सिद्ध झाली नाही, प्रयत्न संपले.’

जावईबापूंनी बटण बंद करून पुन्हा चालू केले. थोड्या वेळाने आत निळ्या ज्योतींची सुंदर रांग पेटली. मी हुश्श केले. चार-पाच सेकंदांत ती विझली. पुन्हा पेटली, पुन्हा विझली. असे काही वेळा झाले आणि लाल दिवा पुन्हा लुकलुकू लागला. माझे पदवीचे शिक्षण भौतिकशास्त्रात झाले आहे, पण त्या क्षणी मला काही कळेना. गॅस येतो आहे, ज्योत डोळ्यांना दिसते आहे, मग हे यंत्र ती स्वतःच का विझवते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे शिकलो ते या पाठात सांगतो. नववी-दहावीच्या मुलांना त्यात वीज, उष्णता आणि आयन यांचा अभ्यासक्रमातला बराच भाग भेटेल. पालकांनी शेवटचा भाग तरी अवश्य वाचावा, कारण तो आपल्या न्हाणीघराविषयी आहे.

प्रथम भट्टी म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत तिला फर्नेस म्हणतात. आपल्याकडे भट्टी म्हटले की हलवायाची किंवा वीटभट्टी आठवते, ही तशी नाही. नळाने येणारा नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन, तिच्यात जळतो. ज्योत धातूच्या पोकळ नळ्यांमध्ये किंवा कप्प्यांमध्ये शिरते आणि त्या तापतात. त्यांच्या बाहेरून एक मोठा पंखा घरातली हवा फिरवतो. हवा तापते आणि पत्र्याच्या चौकोनी नळांतून खोल्याखोल्यांत जाते. जळलेला वायू वेगळ्या नळीने घराबाहेर जातो. म्हणजे दोन हवा एकमेकींच्या अगदी शेजारून वाहतात, एक माणसांनी श्वासात घ्यायची आणि दुसरी विषारी, आणि मध्ये फक्त धातूची एक भिंत असते. या पेटीला कडक पहारा लागतो तो यामुळे.

पहारेकरी म्हणजे पेटीतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, साधारण वहीच्या पानाएवढा. आता त्याच्यावर सूक्ष्मसंगणक असतो. घरातला १२० व्होल्टचा पुरवठा एका ट्रान्सफॉर्मरने २४ व्होल्टवर आणून बोर्डाला देतात आणि थर्मोस्टॅटच्या बारीक तारांतही तेच २४ व्होल्ट खेळतात. खोलीचे तापमान लावलेल्या आकड्याच्या खाली गेले की थर्मोस्टॅट दोन तारा जोडतो, बहुधा एक लाल आणि एक पांढरी. बोर्डाला निरोप मिळतो: उष्णता हवी.

आपल्याला वाटेल, आता गॅस सोडायचा आणि ठिणगी टाकायची. स्वयंपाकघरात आपण तेच करतो. बोर्ड तसे करत नाही. तो आधी सुरक्षेच्या सगळ्या स्विचांची हजेरी घेतो. एक स्विच पेटी फार तापली तर उघडतो. दुसरा, ज्योत आपली जागा सोडून पेटीबाहेर पसरली तर उघडतो, आणि तो हाताने दाबल्याशिवाय बहुधा पुन्हा बसत नाही. तिसरा स्विच मला सर्वांत आवडला. धूर बाहेर ओढणारा एक छोटा पंखा असतो. तो फिरला की नळीत थोडी ओढ निर्माण होते आणि त्या ओढीने एक लवचीक पडदा सरकून स्विच जोडला जातो. स्विच जोडलेला असला म्हणजे धुराचा मार्ग मोकळा आहे असा पुरावा मिळतो. पण बोर्ड पंखा सुरू करण्याआधी हा स्विच उघडा आहे की नाही हेही तपासतो. पंखा बंद असताना स्विच जोडलेला दिसला तर तो चिकटलेला असणार किंवा कोणीतरी त्याला तार लावून ठेवलेली असणार. अशा वेळी बोर्ड पुढे जायला नकार देतो. परीक्षा सुरू होण्याआधीच एखाद्याची उत्तरपत्रिका भरलेली दिसली तर पर्यवेक्षक काय करील? तेच.

हजेरी झाल्यावर धुराचा पंखा सुरू होतो, स्विच जोडला जातो आणि १५ ते ३० सेकंद काहीच होत नाही. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला तसे वाटते. प्रत्यक्षात मागचा राहिलेला गॅस चुकून आत असेल तर तो या वेळात बाहेर काढला जातो. मग सिलिकॉन कार्बाइड किंवा सिलिकॉन नायट्राइडची एक कांडी विजेने तापवतात. ती हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि नारिंगी दिसू लागते. काही भट्ट्यांत कांडीऐवजी ठिणगी असते. यानंतरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्हचीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो विजेने उघडा राहतो आणि वीज गेली की स्प्रिंगने आपोआप बंद होतो. शिवाय एकाच कवचात एकामागे एक असे दोन व्हॉल्व्ह असतात, एक अडकला तरी दुसरा बंद व्हावा म्हणून.

आता घड्याळ चालू होते. चार ते सात सेकंदांत ज्योत लागल्याचा पुरावा आला पाहिजे. आला तर अर्ध्या-पाऊण मिनिटाने घरात हवा फिरवणारा मोठा पंखा सुरू होतो. तो लगेच सुरू होत नाही, कारण धातू तापण्याआधी वारा सोडला तर थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर गार हवाच यायची. पुरावा नाही आला तर गॅस बंद, पुन्हा सफाई, पुन्हा प्रयत्न. तीन ते पाच प्रयत्न फसले की बोर्ड कुलूप लावून बसतो आणि लाल दिवा लुकलुकवतो. पुष्कळ भट्ट्या एक ते तीन तासांनी आपण होऊन पुन्हा प्रयत्न करतात.

ज्योत लागल्याचा पुरावा बोर्डाला कसा मिळतो? माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे, म्हणून थोडे थांबू.

बोर्डाला डोळे नाहीत. उष्णतेवरून ओळखायचे तर वेळ लागतो. जुन्या भट्ट्यांत तसेच होते. तिथे एक छोटी ज्योत बारा महिने तेवत ठेवत, देवघरातल्या नंदादीपासारखी. दोन वेगळ्या धातूंची जोडणी, म्हणजे थर्मोकपल, तिच्यात तापत असे. १८२१ साली झेबेक याने शोधलेल्या परिणामामुळे त्यात सुमारे २५ ते ३० मिलिव्होल्ट दाब निर्माण होई आणि तेवढ्यावर एक चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवी. नंदादीप विझला की थर्मोकपल थंड होऊन वाट बंद होई, पण त्याला अर्धे मिनिट किंवा अधिकही लागे. छोट्या ज्योतीच्या गॅसपुरते ते चालते. मुख्य ज्योतीइतका गॅस अर्धा मिनिट न जळता पेटीत साठला तर स्फोट होईल. शिवाय नंदादीप उन्हाळ्यातही गॅस खातो. १९९२ पासून अमेरिकेत नव्या घरगुती भट्ट्यांना किमान ७८ टक्के वार्षिक कार्यक्षमतेची अट लागली, तेव्हा तो मागे पडला.

नव्या भट्टीत ज्योतीमध्ये नुसती एक धातूची काडी असते, पेन्सिलपेक्षा बारीक. बोर्ड तिला साधारण ८० ते १२० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब देतो. ज्योत नसेल तर काडी आणि बर्नर यांच्यामध्ये फक्त हवा असते, प्रवाह नाही. ज्योत आली की चित्र बदलते. ज्वलनाच्या क्रियेत काही रेणूंपासून आयन आणि मुक्त इलेक्ट्रॉन तयार होतात, त्यामुळे ज्योतीतून थोडी वीज वाहू शकते. थोडी म्हणजे किती? एक ते सहा मायक्रोअँपिअर. आपल्या घरातल्या साध्या एलईडी दर्शक दिव्याला याच्या हजारो पट प्रवाह लागतो.

पण तेवढ्यावर बोर्डाचे समाधान होत नाही. समजा काडीवरची चिनी मातीची टोपी तडकली आणि काडी पेटीला टेकली, किंवा ओल आली. तेव्हाही प्रवाह वाहील, ज्योत नसताना! मग खरी ज्योत आणि खोटी वाट यांत फरक कसा करायचा? युक्ती अशी. बर्नरचा पृष्ठभाग मोठा आहे आणि तो जमिनीला, म्हणजे अर्थिंगला, जोडलेला आहे. काडीचा पृष्ठभाग लहान आहे. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, धन आयन जड आणि मंद. काडी धन असते तेव्हा इलेक्ट्रॉन काडीकडे धावतात आणि जड आयनांना उतरायला बर्नरचे मोठे मैदान मिळते, प्रवाह बरा वाहतो. काडी ऋण होते तेव्हा जड आयनांना त्या लहानशा काडीवर उतरावे लागते, प्रवाह फारच कमी होतो. परिणाम असा की दिलेला दाब दोन्ही दिशांचा असूनही प्रवाह मुख्यतः एकाच दिशेचा होतो. ज्योत स्वतःच एकदिशकारकाचे काम करते. मी हे प्रकरण हिंदी माध्यमात ‘दिष्टकारी’ या नावाने शिकलो होतो, डायोडच्या संदर्भात. ज्योतही दिष्टकारी असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

ओल किंवा धातूचा स्पर्श असे काही करू शकत नाही. त्यांतून वीज दोन्ही दिशांना सारखी वाहते. म्हणून बोर्ड फक्त एकदिश प्रवाहालाच ज्योत मानतो आणि तो थांबला की एक-दोन सेकंदांत गॅस बंद करतो.

आता त्या रात्रीकडे येऊ. सकाळी मेकॅनिक आला. त्याने एक स्क्रू काढला, काडी बाहेर घेतली आणि मला दाखवली. तिच्यावर राखाडी रंगाची पातळ पूड बसली होती. धुळीतली सिलिका आणि धातूचे ऑक्साइड यांचा असा थर काही वर्षांत बसतो आणि तो विजेला अडवतो. त्याने मीटर लावला तेव्हा प्रवाह ०.४ मायक्रोअँपिअर भरला होता. बहुतेक बोर्ड अर्ध्याच्या खाली ज्योत मानत नाहीत. त्याने बारीक स्टील वूलने काडी हलकेच घासली (सँडपेपर नको, ओरखड्यांत थर लवकर बसतो, असे तो म्हणाला), परत बसवली आणि आकडा ३ च्या वर गेला. दहा मिनिटांचे काम. बिल पाहून मी गप्प बसलो, कारण रात्रभर कुडकुडलेल्या माणसाला वाद घालायचा उत्साह राहत नाही.

म्हणजे ज्योत होती, पण पुरावा पोचत नव्हता. पुरावा नाही तर ज्योत नाही, असे बोर्डाने धरले. आम्हाला त्रास झाला हे खरे. पण उलट धोरण ठेवले असते, म्हणजे ‘बहुधा पेटली असेल’ असे बोर्डाने धरले असते, तर ज्या दिवशी ती खरोखर पेटली नसती त्या दिवशी तळघर गॅसने भरले असते. संशय आला की गॅस बंद, ही रचना मुद्दाम केलेली आहे.

त्या रात्री जावईबापूंनी तीन-चार वेळा बटण बंद-चालू करून कुलूप उघडले, ते योग्य नव्हते हे नंतर मेकॅनिकने सौम्य शब्दांत सांगितले. एखाद्या वेळी ठीक, पण वारंवार नाही. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. काही घरांत धुराची नळी बर्फाने बुजते, ओढ कमी होते, दाबाचा स्विच जोडला जात नाही आणि भट्टी सुरू होत नाही. खरा उपाय म्हणजे बाहेर जाऊन फावड्याने बर्फ काढणे. पण काही हुशार लोक स्विचच्या दोन टोकांना तार जोडून टाकतात. भट्टी चालते आणि विषारी वायू घरात राहतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत. जुगाडाचे मला कौतुक आहे, पण पहारेकऱ्याचे तोंड बांधण्याला मी जुगाड म्हणणार नाही.

या सगळ्याची सुरुवात एका शिक्षकापासून झाली, हे सांगायचा मोह आवरत नाही. वॉरेन जॉन्सन हे विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयात शिकवत. तिथे वर्ग चालू असताना शिपाई आत येई, तापमान पाही आणि तळघरात जाऊन भट्टीची झडप कमीजास्त करी. वर्ग चालू असताना शिपाई आत येणे म्हणजे काय हे कोणत्याही शिक्षकाला सांगायला नको. आमच्याकडे तो परिपत्रक घेऊन येतो. जॉन्सन यांनी विजेवर चालणारे तापमानदर्शक उपकरण बनवले, ते तळघरात घंटी वाजवून शिपायाला कळवी. १८८३ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि १८८५ साली त्यांनी मिलवॉकी येथे कंपनी काढली. त्याच सुमारास, १८८५ मध्ये, आल्बर्ट बुट्झ यांनी कोळशाच्या भट्टीची झडप थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर आपोआप उघडणारे-मिटणारे यंत्र तयार केले, आणि तेही मिनियापोलिस शहरात, जिथे सव्वाशेहून अधिक वर्षांनी माझे नाक गारठले. १९५३ मध्ये बाजारात आलेला गोल थर्मोस्टॅट पुढे कित्येक दशके घराघरांच्या भिंतीवर होता. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी गुंडाळलेली असे, जिचा प्रयोग तुम्ही प्रयोगशाळेत केला आहे.

इलेक्ट्रॉनिक बोर्डाने सगळेच चांगले झाले असे मी म्हणणार नाही. वीज गेली की गॅस असूनही भट्टी बंद पडते. नंदादीपाच्या काही जुन्या हीटरांना बाहेरची वीज लागतच नसे. आणि दुसरे म्हणजे बोर्डाला फक्त त्याच्या तारा जिथे पोचतात तेवढेच कळते.

व्हॉल्व्हच्या आधीच्या नळात गळती असेल तर बोर्डाला पत्ताही लागत नाही. टेक्सास राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी तेलाच्या उत्पन्नामुळे श्रीमंत झालेली एक शाळा होती. खर्च वाचावा म्हणून शाळेच्या व्यवस्थापनाने तेलविहिरींतून निघणारा टाकाऊ वायू नळाने घेतला आणि खोल्याखोल्यांतले हीटर त्यावर चालवले. वायूला वास नव्हता. जोडणीतून गळून तो इमारतीच्या जमिनीखालच्या पोकळीत साठत गेला. १८ मार्च १९३७ रोजी दुपारी तीननंतर कार्यशाळेतले विजेचे यंत्र सुरू केले, ठिणगी उडाली आणि सारी इमारत वर उचलली जाऊन कोसळली. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक गेले. लहान वर्ग त्याआधी सुटले होते, नाहीतर आकडा आणखी वाढला असता. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा केला आणि ती पद्धत सर्वत्र गेली. आपल्या सिलिंडरच्या गॅसला येणारा तो उग्र वास मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा असतो, मूळ गॅसचा नाही.

हे वाचल्यापासून मी आपल्या प्रयोगशाळेकडे वेगळ्या नजरेने पाहतो. बर्नरचा सिलिंडर अजूनही मागच्या बंद कोठीत आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, आणि त्या कोठीची खिडकी माझ्या डोक्याच्या उंचीवर आहे. सिलिंडर बाहेरच्या भिंतीलगत, खाली जाळी असलेल्या कपाटात हलवावा आणि कोठीत गॅसची सूचना देणारे यंत्र बसवावे, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. खर्चाचा अंदाज सोबत देईन.

दुसरी गोष्ट, जी कळायला वास उपयोगी पडत नाही, ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. हवा अपुरी पडली की मिथेन असो, एलपीजी असो वा सिगडीतला कोळसा, हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. भट्टीतल्या धातूच्या भिंतीला तडा गेला तर ज्योत व्यवस्थित जळत असूनही तो घरात येऊ शकतो. बोर्डाला ते दिसत नाही, म्हणून तिथे घरात त्याचा वेगळा अलार्म लावतात.

आणि आता आपले न्हाणीघर. आपल्याकडे भट्टी नाही, पण गॅस गीझर पुष्कळ घरांत आहे. तो त्या भट्टीचा धाकटा भाऊ आहे. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने पडदा सरकतो, स्विच जोडला जातो, दोन सेलवर चालणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी जागी होते, ठिणगी टाकते आणि व्हॉल्व्ह उघडते. बहुतेक गीझरांत बर्नरच्या वर दोन काड्या दिसतात, एक ठिणगीची आणि दुसरी ज्योत ओळखणारी. हिच्यावर काजळी बसली की गीझर पेटून लगेच विझतो. आपण सेल बदलत बसतो आणि दोष त्या काडीचा असतो.

पण भावाभावांत एक मोठा फरक आहे. भट्टीचा बोर्ड धुराची वाट मोकळी आहे याचा पुरावा मागतो. आपल्या साध्या गीझरची पेटी फक्त पाणी आणि ज्योत पाहते. धूर कुठे जातो आहे, खोलीत हवा उरली आहे की नाही, हे ती विचारत नाही. दार-खिडकी घट्ट लावलेल्या लहानशा न्हाणीघरात तो चालू राहिला की काही मिनिटांत हवा बिघडते. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातपाय गळतात, आणि कडी उघडायचे त्राण उरत नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात आणि त्यांत तरुण मुलेमुली असतात. माझी पालकांना हात जोडून विनंती आहे की गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मग आंघोळीला जावे. मुलांनी आतून कडी लावू नये. कोणाला आत चक्कर आली तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि तडक दवाखान्यात न्या. सिगडी पेटवून बंद खोलीत झोपणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी तीन प्रश्न देतो. उत्तरे वहीत लिहून महिनाअखेर विज्ञानाच्या बाईंकडे द्यावीत. पहिला, काडी आणि बर्नर यांचे पृष्ठभाग सारखेच मोठे असते तर बोर्डाला ज्योत ओळखण्यात कोणती अडचण आली असती? दुसरा, बर्नरची अर्थिंगची तार तुटली तर ज्योत जळत असूनही भट्टी बंद का पडेल? आकृती काढून दाखवा. तिसरा घरी करायचा आहे. आपल्या घरातले गॅसवर चालणारे प्रत्येक उपकरण पाहा आणि वीज गेली, ज्योत विझली, हवा कमी पडली या तीन प्रसंगी ते काय करते ते मोठ्यांना विचारून लिहा. हात लावून पाहू नका.

ज्योतीतून वीज वाहते यावर विश्वास बसत नसेल त्यांनी येत्या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेत यावे. विद्युतदर्शीला विद्युतभार देऊन त्याची पाने फाकवू आणि वरच्या तबकडीजवळ, तिला न टेकवता, पेटती मेणबत्ती धरू. पाने लगेच मिटतात. दाराशी गर्दी करू नये, प्रयोग दोनदा दाखवला जाईल.